भैरूच्या घरची घावनं

कात्रजच्या तलावाचं पाणी नळानं पुण्यात आलं, त्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. त्या पाण्याच्या जोरावर शनिवार पेठेतल्या एका सरदारानं पर्वतीच्या वाटेवर बाग उठवली होती. बागेत नारळ-पोफळी हव्यात असा त्याचा हट्ट, आणि माड फळाला आल्यावर ते सांभाळायला खास कोकणातून भैरूला आणवला होता. भैरू बागेतच एका खोपटात राही. बायको मैना गावी, गुहागरकडे.

दुपारी उन्हाचा कडाका वाढला की चौघं माळी चिंचेखाली जेवायला बसत. मुख्य माळी दत्तोबा हडपसरचा, भाजीपाल्याचा राजा. गुलाबाचे ताटवे दादामियाँकडे. तो बऱ्हाणपूरचा, आता कसब्यात बिऱ्हाड थाटून बसलेला. निंदणी-खुरपणीला सरुबाई, खानदेशातली, जिभेला धार लावून आलेली. आणि चौथा भैरू.

भाकरी सोडल्या की गप्पांना तोंड फुटे, आणि गप्पा फिरून फिरून चुलीपाशीच जात.

"हिरवी वांगी काट्याकुट्यावर भाजायची," सरुबाई सांगे, "लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात. संगं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. तुमचं पुण्याचं वांगं म्हंजे नुस्ती पाण्याची पिशवी."

"पाण्याची पिशवी?" दत्तोबा खवळे. "माझ्या वाफ्यातलं वांगं हाय ते! आन हुलग्याची शेंगुळी खाल्ली हायेस का कधी? आमची आनंदी करती. थंडीत वाटीभर वरपली की माणूस घोंगडं फेकून देतंय."

"मांडे," दादामियाँ डोळे मिटून एवढंच म्हणे. "नूरबानूच्या हातचे मांडे. रुमाल, रुमाल!"

मग सगळे भैरूकडे बघत. कारण भैरूची पाळी आली की जेवण लांबायचं.

"आमची बायको घावनं करते ना," भैरू हात हवेत पसरून म्हणे, "तव्यावर तांदळाचं पीठ ओतलं की अशी जाळी पडते, अशी जाळी, की पलीकडचा माणूस दिसावा! नारळाच्या रसात बुडवायचं. चावायचं कामच नाय. आपसूक घशाखाली उतरतं."

"आन काय करती रं तुजी बायको?" दत्तोबा विचारे.

"काय करत नाय ते विचारा. सोड्यांचं कालवण म्हणू नका, फणसाची भाजी म्हणू नका, सोलांची कढी म्हणू नका..."

तो आल्यापासूनच्या वर्षभरात मैनेचे पदार्थ ऐकून ऐकून तिघांच्या तोंडाला पाणी सुटून गेलं होतं. सरुबाईसुद्धा मनातल्या मनात हार मानून बसली होती.

खरी गोष्ट मात्र भैरूच्या पोटात होती. मैनेला स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं. भात लावला तर वर कच्चा नि खाली करपलेला. लग्नानंतर तिनं केलेली पहिली भाकरी भैरूच्या आईनं गाईपुढे टाकली, तर गाईनं मान फिरवली होती. तेव्हापासून घरातली चूल सासूची, आणि सासूचा हात दुखायला लागल्यावर भैरूची. ती घावनं, ते कालवण, सगळं भैरूच्याच हातचं.

एके दिवशी भैरू असाच रंगात आला होता. फणसाच्या भाजीत ओलं खोबरं कधी घालायचं, हे मैनेला कसं नेमकं कळतं, ते सांगत होता. एवढ्यात फाटकातून हाक आली, "अवो, हितंच राहता ना तुम्ही?"

डोक्यावर गाठोडं, पायांवर घाटातली धूळ, आणि कानापासून कानापर्यंत हसू. मैना! मिठाचे बैल घेऊन निघालेल्या मामाबरोबर घाट चढून आली होती.

भैरू उठला, बसला, पुन्हा उठला. आनंदानं त्याचा घासच अडकला. दादामियाँनं पाठीत थाप मारली तेव्हा कुठे खाली गेला.

"ये सूनबाई, ये!" दत्तोबा अंगरख्याला हात पुसत पुढे झाला. "वरीसभर वाट बघतुया आम्ही. उद्या दुपारी घावनं. न्हाई म्हणायचं न्हाई."

"कसली घावनं?" मैना म्हणाली.

तिच्या मागे उभ्या भैरूनं डोळे मोठे केले, मिचकावले, हात जोडले, शेवटी कान पकडले. मैनेनं मान वळवून ते सगळं पाहिलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"घावनं होय!" ती म्हणाली. "करीन की. त्यात काय मोठंसं."

खोपटात शिरल्याबरोबर तिनं तोंडात पदर कोंबला आणि हसून हसून जमिनीवर बसली. "मी? घावनं? अवो, तुम्हाला भूत लागलं काय?"

"हळू गो, ऐकतील."

"आणि उद्या काय करणार?"

"उद्या मी करीन. तू नुसती बांगड्या वाजव."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भैरूनं पायात बाभळीचा काटा मोडल्याचं जाहीर केलं आणि लंगडत, कण्हत खोपटात जाऊन पडला. मैनेनं दारात उभं राहून सांगितलं, "आमच्यात घावनं घालताना कुणी बघायचं नसतं. नजर लागली की तव्याला चिकटतात." आणि दार लोटून घेतलं.

दुपारी तिघं दाराबाहेर पत्रावळी मांडून बसले. आतून चुर्रर्र आवाज आला, पाठोपाठ खोबऱ्याचा गोड वास. बांगड्या किणकिणत होत्या.

"वाह!" दादामियाँ डुलत म्हणाला. "हात कसा चालतोय भाभींचा!"

आत भैरू घामानं निथळत होता. नारळाच्या शेंडीनं तव्यावर तेल फिरवायचं, पीठ ओतायचं, झाकण टाकायचं. मैना पाटावर मांडी घालून दोन्ही हात हलवत होती आणि हसू दाबता दाबता तिला उचकी लागली होती.

"जरा बेतानं वाजव," भैरू कुजबुजला. "घावनं घालतेस, गोंधळ नाय."

तेवढ्यात वाड्यावरचा शिपाई धापा टाकत आला. "भैरू कुठाय? शहाळी काढा, आत्ताच्या आत्ता! वाड्यावर पाहुणे उतरलेत!"

"त्याच्या पायात काटा हाय," दत्तोबा म्हणाला.

"काटा असो नाहीतर भाला. माडावर दुसरं कोण चढणार? तुम्ही?"

दत्तोबानं आपल्या पोटाकडे पाहिलं आणि अंगरखा खाली ओढला. दादामियाँनं उंच माडाकडे पाहिलं आणि खुदाची आठवण केली.

आत भैरूच्या एका हातात पळी, दुसऱ्या हातात झाकण, मिशीला पीठ. तव्यावरचं घावन कडेनं सुटू लागलेलं. बाहेर पडावं तर घावन जळणार आणि सोंग उघडं पडणार. त्यानं मैनेकडे पाहिलं. मैनेनं उचकी गिळली, पदर खोचला, विळा नि दोर उचलला आणि बाहेर येऊन दार पुन्हा लोटून घेतलं.

"त्यांचा पाय सुजलाय," ती शिपायाला म्हणाली. "कुठचा माड?"

कुणी काही बोलायच्या आत तिनं कासोटा आवळला, पायांत काथ्याचा फास अडकवला आणि सरसर वर निघाली. बापाला सगळ्या मुलीच, त्यामुळे माडावर चढायला तो मैनेलाच न्यायचा. शेंड्याला पोचून ती ओरडली, "बाजूला व्हा!" आणि शहाळ्यांचा घड दोराला बांधून अलगद खाली सोडला.

शिपाई आ वासून बघत राहिला. दत्तोबाची मान मागे इतकी झुकली की पागोटं पडलं. दादामियाँ टाळ्या पिटू लागला.

सरुबाई मात्र वर बघत नव्हती. तिनं खोपटाकडे कान लावला होता.

"दत्तोबा," ती हळूच म्हणाली, "मैना झाडावर हाये ना?"

"हाय की. दिसत न्हाई व्हय?"

"मंग आत घावनं कोन घालतंय?"

चुर्रर्र! आतून पुन्हा आवाज आला.

सरुबाईनं तरातरा जाऊन दार ढकललं. चुलीपुढे भैरू उकिडवा बसला होता, दोन्ही पायांवर धडधाकट. पळीत पीठ, मिशीवर पीठ, आणि त्यानं नुकतंच उलथलेलं घावन, इतकं जाळीदार की त्यातून त्याचा घाबरलेला चेहरा दिसावा.

मग माडाच्या शेंड्यावरून मैनेचं खिदळणं कोसळलं, आणि खाली धरणच फुटलं. दत्तोबा हसता हसता वाफ्यात बसला, नेमका मेथीवर. दादामियाँ चिंचेच्या खोडाला मिठी मारून डोळे पुसू लागला. शहाळी न्यायला आलेला शिपाई काही न कळताच हसत सुटला, आणि मग पाहुण्यांची आठवण होऊन धूम पळाला.

"लबाडा!" सरुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वरीसभर बायकोच्या नावानं आपलीच टिमकी वाजवली व्हय?"

भैरू खाली मान घालून बसला. मैना उतरून त्याच्याजवळ आली होती.

"टिमकी नाय वाजवली," तो म्हणाला. "तिची आठवण यायची. आता बायकोची आठवण येते म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही माझी टर उडवली असती. खाण्याचं काढलं की दुपारभर तिच्याविषयी बोलता यायचं."

मैना चुलीतली लाकडं उगीचच मागेपुढे करू लागली. तिची उचकी थांबली होती.

"बरं, बरं," सरुबाईनं नाक पुसलं. "वाढ आता. थंड झाल्यावर घालतोस का?"

ती दुपार चिंचेखाली कुणी विसरलं नाही. घावनं उतरत गेली, रसाचं पातेलं फिरत गेलं. पाचव्या की सहाव्या घावनानंतर दादामियाँनं मन मोकळं केलं, की नूरबानूचे मांडे चवीला जन्नत असतात, पण तव्यावर टाकताना फाटतात. अख्खा मांडा त्यानं निकाह झाल्यापासून पाहिलेला नाही. "रुमाल आहेत," तो म्हणाला, "पण ठिगळं लावलेले." पुन्हा हसण्याचा पूर आला. दत्तोबाला ठसका लागला, त्याच्या नाकातून नारळाचा रस आला, आणि ते पाहून मैना पाटावरून घसरली.

संध्याकाळी दत्तोबानं नारळ-पोफळीचं काम मैनेकडे दिलं. भैरूला माडावर चढताना जरा घेरीच यायची, हेही त्या दिवशी कळलं. तो बुंध्यालाच लागणाऱ्या फणसांकडे गेला आणि सुखी झाला.

पुढच्याच आठवड्यात दत्तोबाच्या आनंदीबाई हडपसरहून थेट खोपटाच्या दारात आल्या. नवरा घरी घावनांखेरीज दुसरं काही बोलत नव्हता.

"मला शिकवा म्हणून आले," त्या म्हणाल्या. "मैनाबाई कुठं हायेत?"

भैरूनं पळीनंच वर माडाकडे खूण केली. माडावरून एक झावळी सळसळत खाली आली.

"आनंदीबाई, बसा," तो पाट पुढे सरकवत म्हणाला. "हा तांदूळ रात्रभर भिजवलेला, तो आधी असा निथळून घ्यायचा."