इल्लिमूटनचं माप

आमच्या मरियाकुट्टीचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं असं, की मी चाळीस वर्षं पोरांच्या डोक्यात गणित कोंबलं आणि निवृत्त झाल्यावर सडक्या लाकडांच्या नादी लागलो. खरंच आहे ते. केरळातल्या आमच्या कुट्टनाडच्या कालव्यांतून हिंडायचं, कुणाच्या परसात, कुठल्या देवळाच्या छपराखाली शर्यतीची जुनी नाव पडून असेल ती हुडकायची, डागडुजी करून पाण्यात घालायची आणि तिचा इतिहास वहीत उतरवायचा. कुणी बांधली, वल्ही कोण मारायचं, कुठल्या साली कुणाला हरवलं. अशा सहा नावा झाल्या. सातवी इल्लिमूटन.

"माझे गुडघेपण जुनेच आहेत हो," मरियाकुट्टी म्हणायची. "त्यांची डागडुजी कधी काढताय?"

इल्लिमूटन चुरुळन जातीची, म्हणजे दोन्ही टोकं वर वळलेली, तीसेक वल्हेकऱ्यांची नाव. तीस वर्षं ती एका छपरात माडाच्या दोन ओंडक्यांवर पडून होती. बूड कुजलेलं, पण बाजूच्या आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या अजून टणटणीत. आणि तिचा बांधणारा जिवंत होता! नीलकंठन मूत्ताशारी, म्हणजे थोरले सुतार, वय चौऱ्याऐंशी. सव्विसाव्या वर्षी त्यांनी ही नाव बांधली, ती त्यांची पहिली. आमच्याकडचे थोरले सुतार कागदावर रेघ मारत नाहीत. स्वतःच्या मापाची काठी आणि स्वतःचा डोळा, बाकी सगळं डोक्यात.

पण ते डोकं कुलूपबंद झालं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा हलायचा.

"अच्छनना एकदा ती पाण्यात बघायचीय, सार," त्यांची मुलगी सरसम्मा म्हणाली. "बोलत नाहीत, पण मला कळतं. तेवढं झालं की सुटतील."

मी शब्द दिला. डॉक्टर म्हणत होते, पावसाळा काढला तरी खूप. त्यामुळे मला घाई होती, पण कामात मी घाई केली नाही. सुतळी ताणली, टेप लावली, दर वितीला नावेची उंची किती, रुंदी किती, सगळं वहीत लिहिलं. चौदा पानं भरली. मूत्ताशारींचा भाचा दिवाकरन कामाला होता. त्याला मी बजावलं, "जशी आहे तशीच व्हायला पाहिजे. दोराभरही इकडंतिकडं नको. हे जतन आहे, तुझी हौस नाही."

"माझा कसला डोळा, सार," तो म्हणाला. "मी आपली घरांची दारं बसवणारा माणूस. तुम्ही आकडा सांगा, मी कापतो."

सरसम्मा रोज सकाळी मूत्ताशारींना होडीत घालून आणायची. आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी डावा हात वर उचलला आणि घशातून आवाज काढला, "आँ... आँ..."

"वर बसवा म्हणतायत," दिवाकरन म्हणाला. आम्ही खुर्चीखाली विटा लावल्या. हात पुन्हा वर. उशी दिली. पुन्हा वर. छपराची ताडपत्री त्यांच्या डोळ्यांवर येतेय असं वाटून तीही गुंडाळली. म्हातारा घामाघूम व्हायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा आणि हात मात्र वर.

"देवाचं नाव घेतायत," सरसम्मा म्हणाली. मला ते पटलं. पटायला बरं होतं.

दोन महिने हे असंच चाललं. नव्या बुडाची फळी माझ्या आकड्यांवर कापली, तांब्याचे खिळे ठोकून जुन्या फळ्यांना जोडली, वरून तारली माशाचं तेल चोळलं. बूड पक्कं झालं त्या दिवशी त्यांनी हाताची मूठ करून खुर्चीच्या दांड्यावर इतकी आपटली, की सालटं निघालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, आनंद झालाय.

पाण्यात घालायच्या दिवशी सगळा गाव घाटावर होता. रिवाजाप्रमाणे थोरल्या सुताराला कोरं धोतर, विडा आणि रुपया द्यायचा असतो. मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. नाव उतरली. वल्हेकऱ्यांनी गाणं धरलं. मी तर रडायलाच लागलो होतो.

अर्ध्या तासात नाव परत आली. तांडेल कुंजच्चन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सार, दिसायला देखणी आहे हो. पण पुढंच जाईना. टोकं पाण्यात लोळतायत. मधे बसलेल्यांची वल्ही धड पाण्याला पोचत नाहीत. ही आधीपासूनच अशी होती का?"

मी मूत्ताशारींकडे पाहिलं. हात वरच होता. पण आज पहिल्यांदा मी त्या हाताचा पूर्ण प्रवास बघितला. तो नुसता वर जात नव्हता. मांडीपासून निघून बाजूला सरकत, वळण घेत वर जात होता. टोक. टोक वर घ्या.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तीस वर्षं नाव मधोमध ठेवलेल्या दोन ओंडक्यांवर पडलेली. टोकं अधांतरी. आपल्याच वजनानं ती खाली वाकली होती आणि मी ते वाकणं वितीवितीनं मोजून, चौदा पानांत लिहून, नव्या लाकडात कायमचं ठोकून टाकलं होतं. साठ दिवस तो माणूस हेच सांगत होता आणि आम्ही त्याला उशा देत होतो.

मी दिवाकरनला बाजूला घेतलं. "बूड काढता येईल?"

"खिळे उपटले तर जुन्या फळ्या चिरणार, सार. मग राहील काय तिच्यातलं?"

काहीच राहणार नव्हतं. मी स्वतःला इतक्या शिव्या आजवर घातल्या नव्हत्या. आणि त्या चौदा पानांच्या प्रती मी आधीच तीन गावच्या नौका मंडळांना मोठ्या ऐटीत वाटून बसलो होतो. त्या मी परत मागवीन. पण म्हाताऱ्याला काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. चूक झाली एवढं तरी तोंडावर म्हणायचं ठरवून गेलो होतो. सरसम्मा पेज भरवत होती. मला बघताच उठली, डोळे भरून आले तिचे.

"सार, कालपासून अच्छन हात वर करतच नाहीत बघा. दोन महिने नुसती तगमग होती जिवाची. शांत झाले आता. तुमचे उपकार कसे फेडू मी?"

मूत्ताशारी माझ्याकडे टक लावून बघत होते. नजर अगदी स्वच्छ होती, त्यांना सगळं कळत होतं. मी खाली बसलो, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि बाजूला सरकवत, वळण देत वर उचलायला लागलो. कळलं मला, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं.

त्यांनी हात ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"झोप आली त्यांना," सरसम्मा म्हणाली. "बसा सार, पायसम आणते."