तुळजाबाईचा विडा

माहूरला रेणुकामाईच्या पायऱ्या चढायला लागलं की डाव्या हाताला खलबत्त्याचा ठणठण आवाज येतो, तो माझा. मी तुळजाबाई. माईला विडा कुटून लागतो. नागवेलीची पानं, कात, चुना, सुपारी, बडीशेप, सगळं लोखंडी खलात घालून बारीक कुटायचं अन् तो तांबूल भक्तांनी वर न्यायचा. पंचवीस वर्षं झाली, हेच करून राहिले. आता कुणी कुणी मिक्सर आणलेत. आणू द्या बापडे! मिक्सरचा विडा चिखलावानी होतो, हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते. माझं तोंड वाईट हाय, ते साऱ्या डोंगराला ठावं हाय.

पर धनी गेल्यापासून, तेरा वर्षं, त्यातला कण मी तोंडात घातला न्हवता. आमच्याकडं नवरा गेलेल्या बाईनं विडा खायचा न्हाई. प्रसाद मिळाला तर कपाळाला लावायचा अन् दुसऱ्याला देऊन टाकायचा. "वास तर फुकट मिळतो की," असं मी हसून म्हणायची. ते हसू काही खरं नसायचं.

मागच्या सीताफळाच्या दिवसांत उदगीरहून शिवम्मा आली. सत्तरीची बाई, तोंडात एक दात न्हाई, संगं नात वर्षाराणी. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. लिंगायतांत ते जन्मापासून अंगावर असतं, अन् त्याची पूजा झाल्याबिगर शिवम्मा पाण्याचा घोटसुद्धा घेत न्हवती. एसटीतून उतरून, आंघोळ करून ती माझ्या दुकानाशी पूजेला टेकली, तर डबीचा दोरा झिजून तुटायला आलेला. नवा दोरा तिच्यापाशी होता, पर तो ओवस्तोवर डबी ठेवायची कुठं? भुईवर ठेवता येत न्हाई.

"माझ्या पानांवर ठिवा की आई," मी म्हणाले. "देवाला पानावर बसवायचं न्हाई तर कशावर? मी हाय ना बघायला."

मी ताटलीत चांगली कवळी कवळी पानं मांडली. तिनं जुन्या दोऱ्यासकट डबी वर ठेवली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बोललं, "मावशी, तिकडं मिक्सरवर लवकर मिळतोय विडा." झालं! मी वळले अन् त्याला चांगलं फैलावर घेतलं. माझं बोलणं संपायच्या आत पोटाशी पिल्लू धरलेली एक वानरीण भिंतीवरून उतरली, मूठभर पानं उचलली अन् पानांबरोबर डबीही घेऊन तटावरून सागाच्या रानात पसार झाली.

शेजारचा नारळवाला भुजंग कोयता टाकून पळाला. मी काठी घेऊन त्याच्या मागं. किल्ल्याच्या पडक्या बुरुजाखाली बघितलं, सीताफळीच्या जाळ्या धुंडाळल्या, पार खालच्या ओढ्यापर्यंत जाऊन आलो. पैनगंगेकडचं सगळं खोरं समोर पसरलेलं. एवढ्याशा डबीला शोधायचं तरी कुठं?

दुपार झाली. वर्षाराणी रडकुंडीला आली. "आज्जीला शुगर हाय. गोळी न्हाई, पाणी न्हाई, सकाळपासून पोटात घास न्हाई."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. शिवम्मानं हातानं बाजूला सारला. "ब्याड, ब्याड. नको. लिंगाबिगर न्हाई." ओठ पार सुकले होते. पर मला एक वाकडा शब्द बोलली न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्या भरवशावर तिनं डबी ठेवली होती अन् मी भांडत बसले होते.

चार वाजले. संध्याकाळचा माईचा विडा मी कधी चुकवत न्हाई. डोळे पुसत खल पुढं ओढला. रडत होते अन् कुटत होते. "माय, त्या बाईला पाणी मिळू दे," एवढंच म्हणत होते.

अन् भिंतीवर धपधप आवाज आला. अगं बाई! ही वेळ त्यांची. विडा कुटायच्या आधी मी पानांचे देठ खुडते अन् मागच्या भिंतीवर टाकते. रोज चारला बत्ता वाजला की वानरं देठ खायला येतात. त्यावरून भुजंग वर्षानुवर्षं माझ्याशी भांडत आलाय, "तूच लाडावून ठेवलंयस त्यांना." आज त्या लाडावलेल्यांत ती पिल्लाची आई होती. पिल्लू दोरा चघळत होतं, डबी खाली लोंबत होती.

देठांनी भागणार न्हवतं. मी पानांची सगळी टोपली उचलून भिंतीवर उपडी केली. पिल्लानं दोरा सोडला अन् पानांवर झडप घातली. डबी घरंगळत माझ्या पायाशी आली. झाकण घट्ट होतं तसंच.

मी त्या वानरिणीला वाकून हात जोडले. "सकाळी काठी घेऊन मागं लागली होतीस, अन् आता पाया पडून राहिली?" भुजंग म्हणाला. म्हण बाबा, काय म्हणायचं ते म्हण.

शिवम्मानं हात धुतले, डाव्या तळहातावर लिंग घेतलं, भस्म लावलं, डोळे मिटले. मग पाणी प्याली. तिच्या घशातून तो घोट उतरला, तवा कुठं मी श्वास घेतला. गोळी झाली, दोन केळी झाली, थोडी हुशारी आली तशी म्हणाली, "चल, वर जाऊ."

खलात होता तेवढाच विडा उरला होता. तो घेऊन आम्ही वर गेलो. दर्शन झालं, त्याच विड्यातला प्रसादाचा तांबूल हातात आला. मी कपाळाला लावला अन् वर्षाराणीला द्यायला लागले. शिवम्मानं माझं मनगट धरलं.

"तू का न्हाई खात?"

मी सांगितलं.

"माझे मालक जाऊन वीस वर्षं झाली," ती म्हणाली. "पर आमच्यात लिंगच धनी. तो गळ्यात हाय तोवर मी कसली विधवा? आज सकाळपासून मात्र होते. तू माझा धनी आणून दिलास, तुळजाबाई. आ कर."

माईच्या समोर मी लहान पोरीवानी आ केला. तिनं तांबूल भरवला. तेरा वर्षांनी जिभेवर आला अन् डोळ्यांतून धारा लागल्या.

नुसत्या मायेच्या न्हाईत. चुना लई झाला होता!

खाली आल्यावर भुजंगाला विचारलं, "काय रे, माझ्या विड्यात चुना जास्त असतो?"

"आठ-दहा वर्षं झाली की," तो नारळ सोलत म्हणाला. "सगळ्यांना माहीत हाय. पर तुला सांगणार कोण?"

एवढी वर्षं लोक जीभ पोळून घेत होते, अन् तरी माझ्याकडंच येत होते. मी तिथंच पायरीवर बसले अन् हसून हसून रडले. आता रोज पहिला घास चाखते अन् मगच माईचा विडा बांधते. चाखताना शिवम्माचं नाव घेते.