सांडू दे, मी खाली आहे!

मी गालिचा बोलतोय. बैठकीच्या खोलीतला नव्हे हं, जेवणाच्या टेबलाखालचा! आमच्या जागेला कुणी फारसा मान देत नाही. पाहुणे आले की टेबलाचं कौतुक करतात, पडद्यांचं करतात, माझ्यावर मात्र बूट घासतात. पण माझ्यावर जे घडलं ते त्या पडद्यांच्या बापजन्मात घडलं नसेल. ते सांगायचं म्हणून मी नुसता फुरफुरतोय!

माझा जन्म अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका गिरणीत झाला. धागा कृत्रिम, वीण सपाट आणि घट्ट, अंगावर लव अजिबात नाही. रंग विटकरी आणि त्यावर निळ्या-करड्या नक्षीची अशी दाटी की कुठे काय पडलंय ते शोधून सापडायचं नाही. मला गुंडाळताना गिरणीतली एक बाई दुसरीला म्हणाली, "याच्यावर काहीही सांडा गं, याला ढिम्म काही होत नाही." ते ऐकून मी इतका फुशारलो की दोरी बांधताना त्या बाईला मला गुडघ्याने दाबावं लागलं.

तिथून ट्रकने थेट उत्तरेला, कॅनडातल्या मॅनिटोबात. डॉफिन गावात लॉर्न नावाच्या माणसाचं दुकान होतं. त्याने मला मागच्या भिंतीशी उभं केलं. पुढे लोकरीचे गालिचे, मऊ केसाळ गालिचे. गिऱ्हाइकं त्यांच्यावरून हात फिरवायची, गाल टेकवायची. माझ्यापाशी आली की बोट लावून म्हणायची, "शी, खरखरीत आहे." मी मनात म्हणायचो, अहो, काहीतरी सांडून तर बघा!

आणि एका दुपारी ओरिसिया आली. पन्नाशीची, ठेंगणी, बुटांना बर्फ लागलेला, खांद्याला भलीमोठी पिशवी.

"लॉर्न, जेवणघरासाठी गालिचा हवाय. चटकन साफ होणारा."

लॉर्नने तिला लोकरीच्या गालिच्याकडे नेलं. "हात लावून बघ, काय मऊ आहे!"

"मऊ घेऊन काय करू? त्यावर झोपायचं नाहीये, जेवायचंय." मग केसाळ गालिच्यात बोटं खुपसून ती म्हणाली, "यात गव्हाचा दाणा पडला तर उन्हाळ्यात उगवून वर येईल."

एक सपाट विणीचा तिला बरा वाटला. तो अंथरायला लावून तिने त्यावर दुकानातली खुर्ची ठेवली, बसली आणि उठताना ओढतात तशी मागे सरकवली. खुर्चीचे मागचे पाय गालिच्यावरून खाली उतरले.

"लहान पडतोय. उठताना बाबा इथे अडखळतील. तो मागचा विटकरी काढ बघू."

मी! मला उलगडलं. खुर्ची ठेवली, मागे ओढली. चारही पाय माझ्यावरच राहिले. मला वाटलं, झालं. पण ओरिसियाने पिशवीतून एक बरणी काढली. बरणीत लालभडक काहीतरी हिंदकळत होतं.

"हे काय आहे?" लॉर्नने घाबरून विचारलं.

"बीटाचं सार. कालचंच आहे."

"ओरिसिया, थांब! दुकान आहे हे!"

"डाग राहिला तरी मी हाच घेणार, नाही राहिला तरी हाच घेणार. मग तू कशाला घाबरतोस?"

लॉर्न त्यावर विचार करत राहिला आणि तेवढ्यात तिने बरणी उपडी केली. अहाहा! आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काहीतरी सांडलं! गार, आंबटगोड, शेपूच्या वासाचं. मी अंग आवळून पडून राहिलो. धाग्यात काही म्हणून शिरू दिलं नाही. तिने फडकं न घासता नुसतं दाबून दाबून सगळं टिपलं, मग कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं. खाली वाकून पाहिलं. लॉर्नही वाकला.

"कुठे होतं गं ते?" त्याने विचारलं.

"तेच शोधतेय," ओरिसिया म्हणाली आणि मोठ्याने हसली.

मला गाडीत घालताना लॉर्न म्हणाला, "घरी पसंत पडला नाही तर नाताळ झाल्यावर घेऊन ये. डाग नसेल तर परत घेईन." परत? मला कोण परत करणार! मी गाडीत झोकात आडवा झालो.

घरी गेल्यावर कळलं की मामला इतका सोपा नाही.

ओरिसियाचे वडील नेस्टर. जन्मभर गहू पिकवलेला उंच माणूस, आता हातांना कंप सुटलेला. तोंडापर्यंत चमचा जाईतो त्यातलं निम्मं सांडायचं. टेबलाखाली त्यांच्या बायकोने, युस्टिनाने, हौसेने घेतलेला सायीच्या रंगाचा लोकरीचा गालिचा होता. युस्टिना गेली आणि तो गालिचा मागे राहिला. शरद ऋतूत एकदा नेस्टरच्या हातून त्यावर सार सांडलं. त्यांची बहीण पारास्का समोर बसली होती. ती पटकन बोलून गेली, "बिचारीने डोळ्यांत तेल घालून जपला होता!"

त्या दिवसापासून नेस्टर स्वयंपाकघरात दार लावून एकटे जेवू लागले, मोरीपाशी उभ्या उभ्या. धड जेवतही नव्हते. पाव आणि उकडलेला बटाटा, न सांडणारं तेवढं. त्यांच्या पँटी कमरेला सैल झाल्या. शेजारच्या खोलीत लेक आणि नात कल्यना चमच्यांचा आवाज न करता जेवायच्या.

मला अंथरलं तेव्हा नेस्टर दारात येऊन उभे राहिले.

"युस्टिनाचा गालिचा कुठे गेला?"

"तुमच्या पलंगापाशी घातलाय, बाबा. सकाळी पाय आधी त्याच्यावर पडतील."

"आणि हा?"

"हा जेवायला. याच्यावर काही सांडलं तरी—"

"मी काय तान्हं बाळ आहे? आता गळ्यात लाळेरंही बांध." त्यांचा आवाज चढला नाही, पण ओरिसियाच्या हातातली खुर्ची तिथल्या तिथे राहिली. "परत देऊन ये, पोरी."

"नाताळ होऊ दे. मग देते."

मी पार सुतकात गेलो. माझ्यावर काही सांडत नव्हतं. दोघी जपून जेवायच्या. परत द्यायचा तर डाग नको ना! माझ्यासारख्याला याहून मोठी शिक्षा ती कोणती? रोज दाराखालच्या फटीतून मला म्हाताऱ्याच्या सपाता दिसायच्या. वाटायचं, या ना, दोन पावलं तर आहेत.

हे घर मूळचं युक्रेनचं, म्हणून आमच्याकडे नाताळ जानेवारीत. आदल्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. कल्यना खिडकीशी नाक लावून बसली होती. रिवाजाप्रमाणे टेबलक्लॉथखाली वाळलेलं गवत पसरलं होतं, थोडं माझ्यावरही टाकलं होतं. मला गुदगुल्या होत होत्या! गेलेल्या माणसांसाठी एक ताट जास्तीचं मांडलं होतं, ते युस्टिनाचं. पारास्का आत्या हातात पिरोहीचं भांडं घेऊन आली, उकडलेल्या बटाट्याच्या करंज्याच त्या. तिने युस्टिनाच्या ताटाकडे पाहिलं, मग नेस्टरच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"तो कुठाय?"

"आत. मी खूप विनवण्या केल्या, आत्या. म्हणाले, तुम्ही बसा."

"चांदणी! चांदणी आली!" कल्यना ओरडली.

या जेवणाची सुरुवात गव्हाच्या खिरीने होते. मध आणि खसखस घातलेली, चिकट, घट्ट. ओरिसियाने चमचा उचलला आणि पारास्काने तिचं मनगट धरलं.

"आधी कर्त्या माणसाने एक चमचा छताला मारायचा असतो. चिकटला तर वर्ष चांगलं जातं. विसरलीस?"

"आपल्याकडे कुठे मारतात? आईने बंद केलं होतं."

"गालिच्यापायी बंद केलं होतं. माझा भाऊ नेमबाज होता, तुला काय ठाऊक!" असं म्हणून म्हातारी उठली आणि तिने स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं.

"नेस्टर, बाहेर ये. छताला खीर मारायचीय."

"युस्टिनाला आवडायचं नाही."

"तिचा गालिचा तुझ्या पलंगापाशी सुखात आहे. इथे हे चिंध्यांचं कार्टं पडलंय, त्याची कसली पत्रास?"

चिंध्यांचं कार्टं! एरवी मी रागावलो असतो. त्या वेळी मला तिची पापी घ्यावीशी वाटली.

"माझा हात बघ, पारास्का," नेस्टर हळूच म्हणाले.

ती म्हणाली, "त्या दिवशी मी नको ते बोलले. जिभेला हाड नाही माझ्या. पण फेकायला हात स्थिर कशाला लागतो रे? हलणारा तर आणखी लांब फेकेल. का घाबरतोस? लहानपणीही माझ्याहून खालीच लागायची तुझी."

"खोटं! साफ खोटं!"

आणि सपाता हलल्या. एक पाऊल. दुसरं. नेस्टर माझ्यावर उभे होते! मी खालून त्यांचे पाय घट्ट धरले, जराही घसरू दिले नाहीत.

त्यांनी चमचा भरला. हात थरथरला, दाणे माझ्यावर टपटप पडू लागले. नेस्टरनी खाली पाहिलं. ओरिसिया मदतीला धावू नये म्हणून स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली होती. मी जीव तोडून ओरडत होतो, पडू दे, पडू दे, मी खाली आहे!

नेस्टरनी हात मागे घेतला आणि फेकला.

खीर गेली ती थेट पारास्काच्या चष्म्यावर.

पारास्काने चष्मा काढला, काचेवरचा मध बोटाने पुसून चाटला. "गोड झालीय," ती म्हणाली. "पण छत वर असतं, दादा."

नेस्टर हसायला लागले. आवाजच न फुटणारं हसू, खांदे गदगदा हलवणारं. हसत हसतच त्यांनी दुसरा चमचा भरला आणि सगळा हात घुमवून वर भिरकावला. फच्च! खीर छताला, दिव्याच्या शेजारी, चिकटून बसली!

मग काय विचारता! कल्यना खुर्चीवर चढली, तिनेही मारली. ओरिसियाने मारली. पारास्काने मारली, आणि तीही चिकटली म्हणून भावाला वेडावून दाखवलं. गहू, मध, खसखस, गवत, सगळा पाऊस माझ्यावर! इतका आनंद मला सोसवेना.

दमले तेव्हा नेस्टर आपल्या खुर्चीत बसले. दार लावायला कुणी गेलं नाही. ओरिसियाने त्यांच्यापुढे बीटाचं सार ठेवलं. ते जेवले, सांडलं, पुन्हा जेवले. थोड्या वेळाने वाटी पुढे करत म्हणाले, "अजून वाढ गं."

ओरिसिया सार वाढायला वळली, ती भिंतीकडे तोंड करून जरा वेळ तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मला अंगणात कोरड्या बर्फावर पालथं घातलं. नात आणि आजोबा मिळून मला बडवत होते. त्या कामाला तर थरथरता हात फारच छान! बर्फावर लाल आणि पिवळा ठसा उमटला, मी मात्र स्वच्छ.

"आजोबा, दुकानात परत द्यायचा ना हा?" कल्यनाने विचारलं.

"आता कोण घेतंय? मध लागलाय त्याला."

"कुठे?"

"लागलाय म्हणतो ना मी!" नेस्टर म्हणाले आणि मला खांद्यावर टाकून घरात निघाले.

या गोष्टीला दोन हिवाळे झाले. नेस्टरचा कंप वाढलाय. कधी ओरिसिया भरवते, कधी कल्यना. पण जेवण टेबलाशीच, सगळ्यांबरोबर. माझी एक कड खुर्चीने विसविशीत झालीय. झिजेन, फाटेन, एक दिवस गाडीघरात जाऊन पडेन. जाऊ दे! मी पोटभर जगतोय.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. टेबलाखाली गालिचा घ्याल तेव्हा रंग बघा, वीण बघा, खुर्ची मागे ओढून बघा. पण त्याआधी, तुमच्या घरात कुणी दार लावून एकटं जेवतंय का, ते बघा. असेल तर त्याला आधी बोलवा. बाकी सगळं पुसता येतं.