सोमारीच्या मायला आणायला गेलो तेव्हा

नववीत असताना मला सगळं येत होतं. धानोऱ्याच्या वक्तृत्व स्पर्धेत 'मी म्हणजे कोण?' या विषयावर मी असं काही बोलले, की परीक्षक बाईंनी टेबल वाजवलं. हिंदू म्हणतात आत्मा मरत नाही, घर बदलतो. बौद्ध म्हणतात 'मी' असं पक्कं काही नसतंच, दिव्यावरून दिवा लागत जातो. आमच्यात रूह अल्लाहची अमानत, त्याची त्याला परत. सगळं तोंडपाठ, हातवाऱ्यांसकट! अब्बांच्या सायकलच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की मी त्यालाही ऐकवायचे. "अमरीन, पहले पंक्चर बनाने दे," अब्बा म्हणायचे.

माझ्या बाकावर सोमारी बसायची. नाल्यापलीकडच्या गावातली, गोंडांची. मोहफुलं वेचता वेचता तिच्या मायला थंडी भरली आणि दवाखान्याची जीप यायच्या आत हिवतापानं ती गेली. काही दिवसांनी सोमारी शाळेत आली, ती रडत नाही, घाईत.

"मायले घरी आणाचं आहे. येतं का?"

"म्हणजे?"

"नाल्यावर जाऊन हाक मारतेत. मंग पाण्यातून जे पयलं हातात येईन, मासोळी, झिंगा, खेकडा, थेच माय. मडक्यात घालून घरी आनतेत, देवाजवळ बसवतेत. नाई आनलं तं थे भाहेरच फिरत राह्यते."

"अन् खेकडा चावला तं?"

"मायच हाये. चावंन तं चावंन."

माय गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. अब्बांना विचारलं तर म्हणाले, "मय्यत का काम है, जा. उधर भाषण मत देना."

नाल्याला धार नव्हती, एक डोह तेवढा उरला होता. सोमारीचे वडील डोमाभाऊ नव्या मडक्यात थोडं पाणी घेऊन काठावर बसले. गावातल्या जाणत्या, म्हाताऱ्या बापूजींनी गोंडीत हाक घातली. मला त्यातलं एकच कळलं, मंगली, सोमारीच्या मायचं नाव. अशी हाक मारत होते जसं कोणी पलीकडच्या वावरात आहे आणि जेवायला बोलवायचं आहे. मग सोमारी पाण्यात उतरली.

दगडाखाली हात घातला, काही नाही. मुळांत चाचपलं, काही नाही. डोमाभाऊ उतरले, सोबत आलेल्या बाया उतरल्या. पाणी ढवळलं तसा दर्प वर आला आणि मी नाक दाबलं. डोहावर पांढरट साय होती. पलीकडच्या काठाला चिंगळ्या, बारक्या मासोळ्या, पोट वर करून पडल्या होत्या.

"फवारणीवाले," एक बाई म्हणाली. मंगली हिवतापानं गेली म्हणूनच ते गावात आले होते. घराघरात डासांचं औषध मारलं आणि जाताना पंप इथे धुतले.

सोमारीनं एक चिंगळी उचलली. "बापूजी, हे चालन?"

"मेलेल्यात मेलेल्याले कसं आनाव, बाई?"

"मी दुसऱ्या नाल्यावरून आणते!" मी म्हटलं. "अब्बाची सायकल आहे."

"थ्या पान्यात थ्या गावची मेलेली मानसं राह्यतेत. आपली इथंच येते. अन् एकच डाव बलवाचं असते." बापूजी माझ्याकडे न बघता बोलले.

मग मला राहवलं नाही. सोमारीला बाजूला घेऊन मी सुरू झाले. आत्मा पाण्यात अडकत नाही, तो नवं घर घेतो.

"कोनाच्या घरी गेली?"

दिव्यावरून दिवा लागतो, मी म्हणाले.

"मंग पयला दिवा कुठी जाते?"

शेवटी मी म्हणाले, रूह अल्लाहजवळ असते.

"तुया अल्लाले गोंडी समजते?"

"समजते."

"मंग त्याले इचार, मायले तिथी जेवाले कोन देते? तिले वाढून घ्याची सवय नाई. सगळ्यायच्या मांगून जेवे थे."

इतक्या धर्मांचं पाठ केलं होतं, पण मंगली उपाशी असेल का, हे कुठल्याच पानावर नव्हतं.

डोमाभाऊंनी मडक्यातलं पाणी ओतलं. रिकामं मडकं घेऊन सगळे परत निघाले.

घराचं दार आतून लावलेलं होतं. आत सोमारीची काकी सकाळपासून देवाजवळ सारवून बसली होती. पावलं वाजली की आतून विचारायचं, बाहेरच्यांनी आणलेल्याचं नाव घ्यायचं आणि मगच दार उघडायचं, अशी त्यांची रीत.

"कोन आलं?" काकीचा आवाज खुशीत होता.

डोमाभाऊंनी रिकाम्या मडक्यात पाहिलं.

"कोन आलं वो? सांगा नं!"

सोमारीनं दाराला कपाळ टेकलं.

"कोनीच नाई, काकी. आमीच आहो."

आतली कडी किती तरी वेळ निघाली नाही.