चांदणचं शिंग

उल्हास नदीचं पाणी उतरून सहा दिवस झाले होते. कात्रपमधल्या एका अर्धवट इमारतीखाली शीला आणि तिचा नवरा मिलिंद यांनी पुरातली जखमी जनावरं आणून बांधली होती. बाकीच्यांचे धनी आले, घेऊन गेले. राहिली एक म्हैस. मागचा पाय पत्र्यानं कापलेला, डावं शिंग मुळाशी मोडलेलं. शीला दोन्ही वेळा कडुलिंबाच्या पाण्यानं जखमा धुवायची, हळदीचं तेल लावायची, आणि दूध काढायला बसली की लाथ खायची.

मिलिंद आनंदनगरच्या कारखान्यात स्टोअरला. आलेला माल जसा दिसेल तसा लिहायची त्याला सवय. त्यानं नाक्यावर कागद लावला : ‘म्हैस, कपाळावर पांढरा चांद, डावं शिंग मोडलेलं, उजव्या कानाला खाच, वय अंदाजे सहा.’

तेव्हापासून खोटे धनी उगवायला लागले. तीन दिवसांत तिघं. तिसऱ्यानं तर ‘अंदाजे सहा’सुद्धा जसंच्या तसं म्हटलं.

“घरच्या म्हशीचं वय कुणी अंदाजे सांगतं का?” शीला म्हणाली. “ही माणसं हिला थेट कापायला नेतील.”

मग मिलिंदनं नाक्यावरचा कागद काढला आणि म्हशीपुढे ताडपत्री टांगली. आधी खुणा सांगायच्या, मग जनावर बघायचं.

चौथी आली विठा. नदीकाठच्या पाड्यावरची, पायाला अजून वाळलेला चिखल.

“माझी म्हस हाय का हितं? चांदण नाव तिचं.”

“खुणा सांगा.”

“कपाळाला चांद. आन् शिंगं अशी, दोन्ही सारखी, कोयत्यावानी वळलेली.”

मिलिंदनं शीलाकडे पाहिलं. “नाही मावशी. तुमची नाही ही.”

“एकदा बघू तरी दे.”

“सगळे असंच म्हणतात.”

विठानं वाद घातला नाही. वळली. जाता जाता स्वतःशीच पुटपुटली, “आता कोन काढंल तिचं दूध? मी पडले डावखुरी. उजव्या अंगाला बसल्याबिगर ती हात लावू देत न्हाय.”

ताडपत्रीमागे शीलाच्या हातातला बोळा थांबला. गुडघ्यावरची लाथ ठणकत होती. सहा दिवस ती डाव्या बाजूला बसत होती.

“मिलिंद, शिंग कधी मोडलं हिचं?”

“पुरात. ताजंच होतं ना...”

“मग खरा धनी मोडकं शिंग कसं सांगेल? मोडकं शिंग फक्त तुझ्या कागदाला ठाऊक.”

मिलिंद चपला न घालताच धावला.

विठा आत आली. म्हशीनं मान वळवली, नाकातून लांब श्वास सोडला. विठा उजव्या अंगाला उकिडवी बसली, डावा हात कासेला लावला आणि हळू आवाजात म्हणू लागली :

माझ्या चांदणच्या कपाळी
चांद उतरला बाई
अंधाऱ्या गोठ्यामंदी
मला दिव्याची गरज न्हाई

पातेल्यात धार वाजली. बारीकच, पण वाजली. मिलिंद ताडपत्री सोडायला लागला.

विठा उठली. तिनं शिंगाच्या बुंध्यावरची पट्टी बघितली, मग शीलाकडे बघितलं.

“शिंग कुनी काढलं हिचं?”

“पुरात मोडलं, मावशी.”

“पुरात पाय मोडतो. शिंग माझ्या म्हातारीच्या वेळंपासून कुनाचं मोडल्यालं ऐकलं न्हाय.” तिनं वाटीतलं तेल हुंगलं. “आन् ह्ये काय लावता तिला?”

“हळदीचं तेल. अजून पंधरा दिवस लावायला लागेल. घेऊन जा.”

“आधी तुझ्या अंगाला लाव. बघू दे मला.”

मिलिंद काही बोलणार होता. शीलानं त्याला नजरेनं थांबवलं. इतके दिवस तिनं ज्याला त्याला असंच तर पारखलं होतं. तिनं साडी वर सरकवून गुडघ्यावर, लाथेनं सोललेल्या जागी, तेल चोळलं. झोंबलं. तिनं ओठ दाबले.

विठा वाकून बघत राहिली. मग वाटी उचलून तिनं पदराखाली घेतली.

“हिचीच लाथ ना?” ती म्हणाली. “डाव्या अंगाला बसली असशील.”