ही कुठली शांतता?

धाकटीचं काम सिनेमांना सबटायटल लिहिण्याचं. ऐकू न येणाऱ्यांसाठी दार वाजलं, भांडं पडलं, तेही लिहायचं. तिचा पहिला प्रेक्षक घरचाच, थोरला दादा. लहानपणी तापात त्याचे कान गेले, बोलणं तेवढं राहिलं. समोरच्याचे ओठ बघून तो सगळं ओळखायचा, आणि चुका काढण्यात तर त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी एका इंग्रजी सिनेमाचं मराठी करताना तिने जिथे तिथे ‘शांतता’ ठोकून दिली होती. दादाने एका जागी बोट ठेवलं. इथे मूळ शब्द ‘हश’ आहे, मग ही कुठली शांतता?

धाकटी त्याच्याकडे तोंड करून सांगू लागली. हा शब्द म्हणे कुठून लांबून आलेला नाही. दुसऱ्याला गप्प करताना माणसं तोंडाने जो आवाज काढतात, त्याचाच शब्द झाला. आधी गलका असतो, मग कुणीतरी तो थांबवतं, ती ही शांतता. रडतं मूल निजवायचं तरी हश, आणि एखादी गोष्ट दाबून टाकायची तरी...

बोलता बोलता तिने मान पडद्याकडे वळवली. आठवडाभर आई दवाखान्यात होती आणि उद्या सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. दादाला मात्र ती मावशीकडे गेल्याचं सांगितलं होतं. उगाच हाय खाईल, झाल्यावर सांगू, असं बाबांनी ठरवलं, आणि या धाकट्या बाईसाहेबांनीही मान डोलावली. या घरात लपवाछपवीला कुजबुजावं लागतच नसे, दादाकडे पाठ केली की काम झालं. पण आज डॉक्टर म्हणाले होते, खात्री देता येत नाही.

“आपल्याकडे गोष्ट दाबायला आवाजसुद्धा लागत नाही,” दादा म्हणाला. “आठवडाभर मला नुसत्या पाठी दिसताहेत. आई कुठे आहे?”

धाकटीने खुर्ची वळवली आणि ओठ नीट दिसतील अशा बेताने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांचं बोलणंही गाळलं नाही. आता तो चिडेल, चार शिव्या देईल, आणि द्याव्यातच, असं तिला वाटत होतं. तो चिडला नाही.

“मी का येत नाही म्हणून काय सांगितलंय तिला?”

“तुला कामातून सवड नाही म्हणून.” धाकटीला रडू आवरेना. “रोज विचारायची रे. आज विचारलं नाही.”

ती डोळे पुसून उठेपर्यंत दादा चपला घालून जिन्यात पोचलाही होता.