उत्तरेकडची सावली

मी एक धडा बोलतोय. ‘सूर्य आणि सावली’ हे माझं नाव. मी फुकट मिळतो. कुणीही घ्या, वाटा, हवं तर बदला, असं माझ्या शेवटच्या ओळीत लिहिलंय. ही ओळ मी फार दिवस मिरवली. आता ती कुणी वाचली की माझीच मान खाली जाते.

दूर उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या निवृत्त शिक्षिकेने मला लिहिलं. ‘भर दुपारी काठीची सावली नेहमी उत्तरेकडे पडते,’ असं तिने लिहिलं आणि तिच्या अंगणात ते अगदी खरं होतं. पुढे श्रीलंकेत, कँडीच्या कॉलेजातल्या चार पोरांनी मला सुट्टीत सिंहलीत आणलं. मोठ्या हौसेने त्यांनी माझ्यातल्या सफरचंदाच्या झाडाचं नारळाचं झाड केलं, पीटर नावाच्या मुलाचा समन केला. सावलीला मात्र कुणी हात लावला नाही. मीही नव्या कपड्यांत खुशीत होतो.

तिथल्याच दक्षिण भागात, तिस्स गावाजवळच्या एका गावशाळेत पोचलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! तिथे विज्ञानाचं एकच फाटकं पुस्तक अख्ख्या वर्गात फिरायचं. अबेवीर सरांनी माझ्या तीस प्रती काढल्या आणि पोरांनी मला वह्यांत चिकटवलं. जन्माचं सार्थक झालं, असं वाटलं मला त्या दिवशी.

त्या वर्गात दिनिती होती. तिचे वडील, तिचे ताथ्था, रस्त्याकडेला म्हशीच्या दह्याची मडकी विकायचे. जुलैत विज्ञान स्पर्धेसाठी तिने दुकानामागे काठी रोवली आणि वीस दिवस भर दुपारी सावली मोजली. तिचा तक्ता पाहून सर हसले.

“अगं, हे काय? सावली दक्षिणेला?”

“तिकडेच पडते, सर. रोज. ताथ्थांनीपण बघितली.”

“ताथ्था दही लावतात की सूर्य? धड्यात काय छापलंय, वाच बरं मोठ्याने.”

तिने मला वाचलं. वर्ग खिदळला.

“होकायंत्र उलटं धरलं असशील. पूस ते आणि नीट काढ. परवा स्पर्धा आहे.”

ओरडून सांगावंसं वाटलं, पोरी, ऐकू नकोस! पण कागदाला कुठलं तोंड? मला समोर ठेवून तिने तक्त्यावरच्या वीस दिवसांच्या सावल्या एकेक करून पुसल्या आणि उत्तरेकडे काढल्या. रबराचा चुरा माझ्या अंगावर पडत होता.

स्पर्धेत परीक्षक बाईंनी तक्ता दोनदा पाहिला.

“बाळ, जुलैत आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला कललेला असतो. सावली दक्षिणेलाच पडणार. तू खरंच मोजलीस, की कुठून उतरवलीस?”

दिनितीने सरांकडे पाहिलं. सर भिंतीकडे पाहत होते.

“उतरवली, मिस,” ती म्हणाली.

तिचा तक्ता बाजूला काढला गेला. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गासमोर चूक कबूल केली. मग दिनितीला शेजारी बसवून संगणकावर माझी ती सावलीची ओळ बदलली आणि तिच्या वहीत राहिलेली मूळ मापं माझ्यात घातली. खाली ते तिचं नाव लिहू लागले.

“माझं नाव नको, सर.”

“का गं? तूच तर मोजलीस.”

“मोजली. आणि पुसलीपण.”

सरांनी लिहिलेली अक्षरं खोडली. मग त्यांनी मला नावाशिवायच सगळ्यांसाठी पुन्हा खुलं केलं.

आज मी दुरुस्त आहे. पण माझ्या जुन्या प्रती किती शाळांत, किती वह्यांत चिकटल्या आहेत, देव जाणे. फुकट वाटलेलं परत बोलावता येत नाही. त्या जुन्या प्रतींतला मी तुमच्या हाती लागलो, आणि एखादं पोर माझ्याहून वेगळं काही सांगत आलं, तर आधी त्याच्याबरोबर उन्हात जा. मला घरी ठेवलंत तरी चालेल.